पाण्याखालचा ज्वालामुखी दगडात कसा ओळखायचा : प्रकल्प नोंदी

६ जून

विषय ठरला एकदाचा. भूशास्त्राच्या प्रदर्शनासाठी मी आणि सुहासने मिळून एक मोठा तक्ता आणि एक चालतं मॉडेल करायचंय. सुहासला राख, धूर, उडणारे दगड असलं कायतरी दणदणीत हवं होतं, पण ते सगळेच करतात. म्हणून म्हटलं पाण्याखालचे ज्वालामुखी घेऊ, पृथ्वीवर वर येणाऱ्या शिलारसातला ढोबळ मानाने पाऊण हिस्सा समुद्राखालीच येतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "घ्या, पण आधी प्रश्न बांधा. हातात एक जुना दगड दिला, तर हा लाव्हा पाण्याखाली आला होता हे कशावरून सांगाल?" हाच प्रश्न तक्त्याच्या डोक्यावर टाकायचा ठरवलंय.

९ जून

पहिला चौकोन : हे ज्वालामुखी होतात कसे. इथे सगळ्यात आधी काय खोडून काढायचं, तर पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र आहे आणि भेग पडली की तो वर येतो, ही समजूत. कवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, जवळजवळ सगळं घन दगडच आहे, फक्त गरम आहे आणि लाखो वर्षांत सरकेल इतपत मऊ. महासागरांच्या तळाशी साधारण ६५,००० किलोमीटर लांबीची डोंगररांग आहे, मिड-ओशन रिज, तिथे दोन प्लेट एकमेकींपासून लांब जातात आणि ती जागा भरायला खालचा गरम दगड वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की दगड वितळायचं तापमानही खाली येतं, त्यामुळे बाहेरून उष्णता न देता त्यातला थोडा भाग वितळतो. सगळा नाही, थोडाच. तेवढ्यातून सहा-सात किलोमीटर जाडीचं समुद्रतळाचं कवच तयार होतं.

दुसरी जागा सबडक्शनची, म्हणजे जिथे एक प्लेट दुसरीच्या खाली जाते. तिथे खाली जाणारी प्लेट तिच्या खनिजांत अडकलेलं पाणी बरोबर नेते, ते वरच्या प्रावरणात सुटतं आणि पाण्यामुळे वितळायचं तापमान उतरतं. तिसरी हॉटस्पॉट, म्हणजे प्लेटच्या कडेपासून लांबही खालून गरम दगड वर येत राहतो अशी जागा, हवाई बेटांसारखी. सुहासने तिन्हीची चित्रं काढली, छान आलीत. प्रावरण मात्र सगळ्यांत लाल रंगवलंय त्याने, ते हिरवट करायला सांगितलं, कारण लाल दिसलं की बघणारा वितळलेलंच समजणार. प्रावरणाचा दगड, पेरिडोटाइट, खरंच हिरवट असतो, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

१५ जून

मुख्य अडचण लिहून ठेवतो. समुद्राचा तळ जुना होतो आणि परत पोटात जातो. आज मोठ्या महासागरांत सापडणारा सगळ्यात जुना तळ साधारण १८ कोटी वर्षांचा आहे, पश्चिम पॅसिफिकमध्ये, आणि पृथ्वी ४५४ कोटींची. म्हंजे खरोखर जुने समुद्री ज्वालामुखी बघायचे असतील तर समुद्रात जाऊन उपयोग नाही, डोंगरात जावं लागतं. दोन प्लेट आदळतात तेव्हा समुद्रतळाचा एखादा तुकडा खाली न जाता जमिनीवर चढून बसतो. त्याला ओफिओलाइट म्हणतात. सायप्रसचा ट्रूडोस डोंगर हा त्यातला गाजलेला, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ओमानमधला सेमाइल तर शेकडो किलोमीटर लांब पसरलाय.

यात मजा अशी की वरून खाली चालत गेलं तर समुद्रतळाचा अख्खा छेद दिसतो. वर समुद्रातला गाळ, त्याखाली उशीच्या आकाराचा लाव्हा, त्याखाली उभ्या डाइकची (भेगेत शिलारस थिजून झालेल्या दगडी भिंतींची) एकमेकींना चिकटलेली रांग, मग गॅब्रो (खोलवर सावकाश थिजलेला जाड कणांचा दगड), आणि तळाला प्रावरणाचा पेरिडोटाइट. ही डाइकची रांग मला सगळ्यात आवडते, दर वेळी भेग पडली, शिलारस भरला, थिजला, आणि पुढची भेग बरेचदा आधीच्या डाइकच्या मधोमधच पडली, त्यामुळे कित्येक डाइकला एकाच बाजूची थंड झालेली कड उरते आणि दुसरी कड पलीकडे कुठेतरी निघून गेलेली असते. समुद्रतळ दोन्हीकडे फाकत होता याचा याहून सरळ पुरावा काय हवा. १९७२ च्या पेनरोझ परिषदेत भूवैज्ञानिकांनी ओफिओलाइट कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरवली, तोच थरांचा क्रम आम्ही तक्त्याच्या डाव्या कडेला उभा लावणार आहोत.

२१ जून

आज पिलो लाव्हा, म्हणजे तोच उशीच्या आकाराचा लाव्हा. तक्त्याचं हे हृदय आहे त्यामुळे जागा सगळ्यात जास्त.

साधारण १,१०० ते १,२०० अंशांचा बेसाल्ट लाव्हा दोन-तीन अंशांच्या पाण्यात येतो, बाहेरचा पृष्ठभाग सेकंदांत काच होतो, आत मात्र तो वितळलेलाच राहतो कारण दगड उष्णता फार हळू सोडतो. मागून आणखी लाव्हा ढकलला जातो, कवच फुगतं, तडकतं, त्या तड्यातून नवा गोळा बाहेर पडतो, त्याचंही कवच होतं, आणि असं एकावर एक चालत राहतं. गोळे साधारण वीतभरापासून मीटरभरापर्यंतचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईत किलाउएयाचा लाव्हा समुद्रात उतरत होता तेव्हा पाणबुडे खाली गेले आणि हे होताना त्यांनी फिल्म काढली. त्याआधी दगडांवरून अंदाज होताच, पण डोळ्यांसमोर बघणं वेगळं. मग १९७४ ला फ्रेंच आणि अमेरिकन शास्त्रज्ञ अल्विन, आर्किमीड आणि सियाना या पाणबुड्यांतून अटलांटिकच्या मधल्या रिजवर उतरले, तिथे तर उतारच्या उतार या उशांनी भरलेले.

दगडात काय बघायचं ते असं : कडेला काचेची पट्टी (जुन्या दगडात ती काच राहत नाही, हिरवट किंवा पिवळट-तपकिरी होते), कडेकडून आत येणारे किरणांसारखे तडे, कडेला समांतर ओळीत बसलेली बुडबुड्यांची भोकं, आणि दोन-तीन उशांच्या मधल्या तिकोनी फटीत तुटलेल्या काचेचा चुरा किंवा चर्ट (गारेसारखा कठीण सिलिकाचा दगड) किंवा चुनखडी. आणि खाली टोक. वरची उशी अजून मऊ असताना खालच्या दोघींच्या मधल्या खाचेत लोंबते, त्यामुळे प्रत्येकीची पाठ गोल आणि पोटाला खाली जाणारं टोक. थर उलटेपालटे झालेल्या डोंगरात वर कोणतं आणि खाली कोणतं हे याच टोकावरून कळतं. अब्जावधी वर्षं जुन्या दगडांच्या पट्ट्यांत, जिथे जीवाश्म नाहीत आणि सगळं दुमडलेलं आहे, तिथे हे टोक म्हणजे फार मोठा आधार.

२२ जून

फसवे गोल. बेसाल्ट जागच्या जागी कुजतो तेव्हाही गोल गोल धोंडे तयार होतात, आणि इंटरनेटवर निम्मे "पिलो लाव्हा" म्हणून टाकलेले फोटो त्याचेच असतात (माझं मत, मोजदाद केलेली नाही). फरक सोपाय. कुजलेल्या धोंड्याचे पापुद्रे नखाने सुटतात, बाहेर मऊ आत कडक, त्यात काचेची कड नसते आणि तडे किरणांसारखे नसतात, शिवाय ते खालच्या धोंड्याच्या आकारावर बेतून बसलेले नसतात, प्रत्येक जण आपापला सुटा गोल. एकच खूण लक्षात ठेवायची तर ही शेवटची, कारण उशी कधीच एकटी विचार करत नाही, खालची कशी आहे त्यावर तिचं पोट ठरतं. तक्त्यावर दोन फोटो शेजारी शेजारी, नावं झाकलेली, फडकं उचललं की उत्तर.

२९ जून

मॉडेल. साधं पॅराफिन मेण पाण्यावर तरंगतं, त्यामुळे ते बाद. प्रयोगशाळांमध्ये यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल वापरतात, १९९० च्या आसपास ग्रिफिथ्स आणि फिंक या दोघांनी त्यावर छान काम केलंय. आपण त्याला पीईजीच म्हणू, किंवा नुसतं मेण, कारण ते मेणासारखंच थिजतं. ६०० नंबरचं पीईजी साधारण २० अंशांच्या आसपास थिजतं, पाण्यापेक्षा जड आहे, आणि फार गरम करावं लागत नाही त्यामुळे प्रदर्शनात पोरंटोरं आसपास असली तरी भीती नाही. टाकीत गार केलेलं साखरेचं पाणी भरायचं, साखरेमुळे पाणी जड होतं आणि मेण व पाण्याच्या वजनातला फरक कमी होतो, म्हणजे मेण स्वतःच्या वजनाने लगेच पसरत नाही. टाकीच्या बुडाला भोक, त्यातून नळी, नळीला मोठी सिरिंज.

५ जुलै

चाललं!! पाणी पाच-सहा अंशांवर आणलं, मेणात लाल रंग टाकला, आणि सुहासने सिरिंज अगदी हळू दाबली. तोंडाशी मेण आलं की लगेच त्यावर साय धरली, मग ती साय फुगली, एका बाजूने फाटली आणि तिथून नवीन गोळा. मग त्याच्यातून आणखी एक. आम्ही दोघं टाकीला नाक लावून.

मग जोरात दाबून बघितलं. आता गोळे नाहीत, वरची पातळ कातडी सुरकुतत सुरकुतत पुढे गेली, आणि आणखी जोरात केलं तर मधे वाहता पाट आणि दोन्ही कडांना थिजलेले बांध. म्हंजे तेच मेण, तेच पाणी, फक्त ढकलायचा वेग बदलला की आकार बदलतो. गणित असं की कवच धरायला लागणारा वेळ आणि मेण पुढे सरकायला लागणारा वेळ यांची शर्यत आहे. कवच जिंकलं तर उशा, प्रवाह जिंकला तर चादर.

समुद्राच्या तळाशी हेच दिसतं. पूर्व पॅसिफिक रिज भराभर फाकते, तिथे लाव्हा जोरात येतो आणि सपाट पसरलेले प्रवाह भरपूर, अटलांटिकची रिज संथ, तिथे उशांचे ढीग जास्त. याचा उलटा अर्थ तक्त्यावर लिहायलाच हवा : उशा नाहीत म्हणून पाणी नव्हतं असं म्हणता येत नाही. चादर पण समुद्राखालचीच असू शकते. मॅडमनी यावर एवढंच लिहून पाठवलं, "आणि उलटं? उशा आहेत म्हणून समुद्र होता असं म्हणता येतं का?"

६ जुलै

नाही म्हणता येत. आइसलंडमध्ये हिमनदीच्या खाली ज्वालामुखी फुटतो, बर्फ वितळून तळं होतं, त्यात मस्तपैकी उशा तयार होतात. सपाट माथ्याचा हर्दुब्रेड डोंगर असाच बर्फाखाली वाढलेला, समुद्राचा काही संबंध नाही. तळ्यातही होतात. उशी फक्त पाणी होतं एवढं सांगते, त्याहून एक अक्षर जास्त नाही. ते पाणी समुद्राचं होतं का आणि किती खोल होतं, हे दुसऱ्या खुणांनी सिद्ध करावं लागतं. आमचा तक्ता आत्तापर्यंत उशीवर संपत होता, आता तो उशीपासून सुरू होणार. काम दुप्पट झालं पण आता कुठे विषयाला दात आलेत.

१२ जुलै

खोली. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे अडीच हजार मीटरवर २५० पट. एवढ्या दाबाखाली शिलारसातलं पाणी बाहेर सुटतच नाही, विरघळलेलं राहतं, कार्बन डायऑक्साइड थोडा सुटतो. त्यामुळे खोल पाण्यातल्या बेसाल्टमध्ये भोकं कमी आणि बारीक, उथळ पाण्यातल्यात मोठी आणि भरपूर. हवाईच्या समुद्राखालच्या उतारावरून नमुने काढून जेम्स मूर यांनी १९६५ मध्ये हे दाखवलं.

पण सरळ नियम म्हणून लिहायचं नाही. अटलांटिकच्या रिजवर १४ अंश उत्तरेच्या आसपास खोल पाण्यातून काढलेले काही दगड जहाजाच्या डेकवर आल्यावर आपोआप फटाफट तडकायला लागले. आतल्या बुडबुड्यांत खालच्या दाबाने कोंडलेला वायू, वर आल्यावर बाहेरचा दाब नाहीसा, मग तो काच फोडूनच बाहेर येतो. खोलवरचे असूनही त्यांच्यात भोकं भरपूर, कारण मुळातच त्या शिलारसात वायू जास्त होता. तेव्हा भोकं ही खूण शिलारसात वायू किती होता यावरही अवलंबून, एकट्या खोलीवर नाही. सुहासला हा दगड प्रदर्शनात ठेवायचाय. कुठून आणणार ते विचारू नका.

ताजी काच मिळाली तर काम सोपं होतं, काचेत किती पाणी आणि किती कार्बन डायऑक्साइड विरघळून राहिलाय ते इन्फ्रारेडने मोजून दाब काढता येतो. अब्ज वर्षं जुन्या दगडात मात्र काच टिकत नाही, त्यामुळे तिथे हा रस्ता बंद.

२० जुलै

उथळ बाजू, म्हणजे सुहासचा आवडता विभाग कारण इथे स्फोट आहेत. पाणी कमी खोल असेल तर वाफ मोकळेपणी फुगते आणि लाव्ह्याचे तुकडे तुकडे करते. १४ नोव्हेंबर १९६३ ला आइसलंडच्या दक्षिणेला समुद्रातून काळे फवारे उडायला लागले, तळ तिथे साधारण १३० मीटर खोल होता, आणि लवकरच पाण्याच्या वर सर्त्से नावाचं बेट आलं. १९६७ पर्यंत ते धुमसत होतं. गंमत अशी की तिथली सुटी राख गरम पाण्यात काही वर्षांतच पिवळट-तपकिरी घट्ट दगड झाली, राखेतली काच पाण्याने बदलून तिचा पॅलागोनाइट झाला. आपल्याला वाटतं दगड व्हायला लाखो वर्षं लागतात.

जुन्या दगडातलं उदाहरण घेतलं टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराजवळच्या पायलट नॉब या विझलेल्या ज्वालामुखीचं, साधारण ८ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. ज्वालामुखीची राख पाण्यात पडून तिची चिकणमाती झाली, आणि नंतर त्या बुडालेल्या टेकडीच्या उथळ कडांवर शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची चुनखडी साठली. म्हणजे खालीवर समुद्री गाळ आणि मधे ज्वालामुखी. अशी सँडविच सापडली की समुद्र होता का हा वाद मिटतो, कारण शिंपले खोटं बोलत नाहीत.

उथळ म्हणजे स्फोट आणि खोल म्हणजे शांत, हेही पूर्ण खरं नाही. २००९ ला टोंगाजवळ वेस्ट माटा ज्वालामुखीचा स्फोट साधारण १,२०० मीटर खोलीवर रोबोट पाणबुडीने चित्रित केला. सबडक्शनमधला वायूने भरलेला शिलारस, त्याला खोलीने अडवलं नाही.

२ ऑगस्ट

रसायनाचा चौकोन. भीती होती की कंटाळवाणा होईल, पण समुद्राची सही इथेच सापडते.

गरम उशांच्या ढिगात समुद्राचं पाणी तड्यांतून शिरतं, खाली तापतं, दगडाशी देवाणघेवाण करतं आणि वर येतं. १९७७ ला गॅलापागोसजवळ समुद्रतळावरचे गरम झरे पहिल्यांदा सापडले, १९७९ ला पूर्व पॅसिफिकमध्ये ३५० अंशांच्या वरचं काळं पाणी ओकणारी धुराडी. दाब एवढा की इतकं तापलेलं पाणी उकळून जात नाही. ते थंड पाण्यात मिसळलं की त्यातले धातू गंधकाबरोबर सल्फाइड होऊन खाली बसतात. सायप्रसचं तांबं असंच साठलेलं आणि ते प्राचीन काळापासून खणतात, कॅनडातली किड क्रीक खाण तर २.७ अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्री ज्वालामुखीवर उभी आहे. खाणवाले लोक उशा शोधतात ते भूशास्त्राच्या प्रेमापोटी नाही.

दगडात काय उरतं : फेल्डस्पार या खनिजातलं कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, ऑलिविन हे खनिज आणि काच जाऊन क्लोराइट हे हिरवं खनिज येतं, म्हणून जुन्या समुद्री बेसाल्टचा रंग काळ्याऐवजी हिरवा. जुन्या लाव्ह्यांच्या त्या पट्ट्यांना ग्रीनस्टोन म्हणतात ते यामुळेच. आणि स्ट्रॉन्शियम. या मूलद्रव्याचे ८७ आणि ८६ वजनाचे दोन प्रकार (समस्थानिकं) असतात, रिजवरच्या ताज्या बेसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियम ८७ चं ८६ शी प्रमाण ०.७०३ च्या जवळपास, आजच्या समुद्राच्या पाण्यात ०.७०९. समुद्राचं पाणी मुरलं की दगडाचा आकडा वर सरकतो. जुन्या दगडासाठी त्या काळच्या समुद्राचा आकडा घ्यावा लागतो कारण तो बदलत आलाय, पण तत्त्व तेच.

सुहास म्हणाला एवढे आकडे कोण वाचणार. त्याला म्हटलं, उशी बघून थांबणारा थांबेल, पण समुद्र कशावरून असं विचारणारा एक जरी आला तरी उत्तर तिथे असलं पाहिजे.

९ ऑगस्ट

सगळ्यात जुनी उदाहरणं. ग्रीनलंडचं इसुआ, ३.७ ते ३.८ अब्ज वर्षं, उशा ताणून लांबट झाल्यात, पण काही ठिकाणी कडा अजून ओळखता येतात. दक्षिण आफ्रिकेचं बार्बर्टन, साधारण ३.५ अब्ज, तिथे कोमाटी नदीच्या काठचा कोमाटिआइट, १,६०० अंशांच्या आसपास तापमानाचा लाव्हा, आज कुठेच येत नाही कारण प्रावरण तेव्हापेक्षा थंड झालंय. आपल्याकडचं चित्रदुर्गजवळचं मरडीहळ्ळी, साधारण अडीच अब्ज, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक.

बार्बर्टनवरून आमची जुंपली. २००४ ला काही शास्त्रज्ञांनी तिथल्या उशांच्या एकेकाळी काच असलेल्या कडेत बारीक नळ्या दाखवल्या आणि त्या सूक्ष्मजीवांनी कुरतडल्यात असं मांडलं. आजच्या समुद्रातल्या काचेत तशा नळ्या दिसतात खऱ्या. सुहासला ते मोठ्या अक्षरात हवं होतं, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचं जीवन वगैरे. पण पुढे इतरांनी तपासलं तर त्या नळ्या टायटनाइट खनिजाच्या, आणि ते खनिज लाव्हा थिजल्यावर फार उशिरा, दगड पुन्हा तापला तेव्हा वाढलं असावं असा पुरावा निघाला. माझं म्हणणं, दोन्ही बाजू लिहायच्या, आणि लहान अक्षरात. शेवटी मधलं अक्षर ठरलं.

१६ ऑगस्ट

तक्त्याचा क्रम फायनल : उशी आहे का, मग मधल्या फटीत काय आहे, मग भोकं, मग वरखालचा गाळ, मग रंग आणि रसायन. प्रत्येक पायरीला "यावरून काय कळतं" आणि त्याच्याच खाली "यावरून काय कळत नाही". दुसरी ओळ मॅडमनी घालायला लावली, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त वाचनीय झालीये.

राहिलेलं : मरडीहळ्ळीच्या फोटोवर वरची दिशा दाखवणारा बाण काढायचा नाही, बघणाऱ्याने टोकं बघून स्वतः ठरवायचं, बाण मागच्या बाजूला. टाकीसाठी बर्फ दर तासाला लागेल कारण पाणी दहा अंशांच्या वर गेलं की साय पातळ होते आणि गोळे नीट धरत नाहीत. पीईजी पाण्यात हळूहळू विरघळतं, त्यामुळे दोन-तीन वेळा दाखवलं की पाणी बदलायचं. सिरिंज सुहासकडेच, त्याचा हात आता बरोबर बसलाय.